बेगीन भगिनींची सातशे वर्षांची पेढी

आपल्या धर्मग्रामांतून महिलांच्या बचत गटांची आणि गृहोद्योगांची चर्चा आता वारंवार कानी येते. कुठे मसाले कांडले जातात, कुठे शिवणयंत्रे चालतात, कुठे नाताळापूर्वी केकच्या मागण्या नोंदवून घेतल्या जातात. पहिली दोन-तीन वर्षे उत्साहाची असतात. पुढे जी भगिनी सर्वांना धरून होती ती आजारी पडते, किंवा मुलाकडे परगावी राहावयास जाते, आणि मंडळाच्या कपाटाला कुलूप लागते. अशी कुलपे आम्ही काही थोडी पाहिलेली नाहीत. ज्याला हल्ली 'शाश्वत व्यवसाय' म्हणतात तो नेमका याच ठिकाणी अडतो. 'शाश्वत' हे विशेषण आपण प्रार्थनेत जीवनापुढे लावीत आलो. ते आता व्यवसायापुढे लागले याचे प्रथम नवल वाटते. परंतु प्रश्न खरा आहे. स्थापन करणारी व्यक्ती गेल्यावरही स्त्रियांनी चालविलेला उद्योग कशाच्या बळावर टिकावा?

या प्रश्नाचे एक जुने उत्तर ख्रिस्तसभेच्या इतिहासात आहे. आजच्या बेल्जियमच्या भूमीवर, फ्लँडर्स आणि ब्राबांट या प्रांतांत, तेराव्या शतकाच्या प्रारंभी काही स्त्रिया एकत्र आल्या. त्यांनी स्वतःच्या कष्टांवर पोट भरणाऱ्या वसाहती उभारल्या, आणि त्या वसाहती सातशे वर्षांहून अधिक काळ चालल्या. या स्त्रियांना 'बेगीन' म्हणत व त्यांच्या वसाहतीला 'बेगीनहोफ', म्हणजे बेगीन स्त्रियांचे आवार. हे नाव प्रथम हेटाळणीने दिले गेले होते. पुढे त्यांनी तेच अभिमानाने धारण केले.

त्या काळचे फ्लँडर्स म्हणजे युरोपचे कापडाचे कोठार. गेंट, ब्रुज, ईपर ही शहरे इंग्लंडहून लोकर आणीत आणि तिचे उंची कापड विणून ते दूरदूरच्या जत्रांतून विकीत. खेड्यांतून शहरांकडे माणसांचा ओघ लागला होता व त्यांत स्त्रियांचा भरणा मोठा होता. या स्त्रियांपुढे दोनच प्रतिष्ठित मार्ग होते: विवाह, नाही तर मठ. दोन्ही दारांशी एकच अडसर होता, तो म्हणजे हुंड्याचा. वाचकांना आश्चर्य वाटेल, परंतु मठात प्रवेश करणाऱ्या कन्येबरोबरही पित्याला रक्कम वा जमीन द्यावी लागे. ज्याच्या तीन कन्या असत तो एकीचा विवाह करी, एकीला मठात पाठवी. तिसरीचे काय, याला उत्तर नसे. त्यातच 1228 मध्ये सिस्टर्शियन संघाने स्त्रियांचे नवे मठ आपल्या छत्राखाली घेण्याचे बंद केले. धर्मजीवनाची ओढ असलेल्या, परंतु हातात पैसा नसलेल्या स्त्रियांनी जावे कुठे?

त्यांनी कुणाची परवानगी येईपर्यंत वाट पाहिली नाही, ही गोष्ट आम्हांला विशेष वाटते. लिएजच्या महागुरुप्रांतात निव्हेल येथे जन्मलेली मेरी ही सधन घरची विवाहित स्त्री. तिने व तिच्या पतीने आपली संपत्ती सोडून कुष्ठरोग्यांची सेवा पत्करली. पुढे ती ऊआनी येथे राहिली व 1213 मध्ये मरण पावली. तिच्याभोवती जमलेल्या स्त्रियांनी कोणत्याही संघाची नियमावली स्वीकारली नव्हती. तिचे चरित्र लिहिणारे धर्मगुरू झाक द व्हित्री, जे पुढे कार्डिनल झाले, ते 1216 मध्ये पोप होनोरियस तिसरे यांना भेटले. या स्त्रियांनी एका घरात एकत्र राहावे आणि परस्परांना उपदेश करून सन्मार्गावर दृढ करावे, एवढी अनुमती त्यांनी मिळविली. ती तोंडी होती. शंभर वर्षांनी या तोंडीपणाची किंमत मोजावी लागली.

बेगीन होणारी स्त्री आजन्म व्रत घेत नसे. आवारात असेपर्यंत ब्रह्मचर्य पाळीन आणि प्रमुख भगिनीची आज्ञा मानीन एवढेच वचन ती देई. उद्या विवाह करावासा वाटला तर ती सन्मानाने बाहेर पडू शके. तिची मालमत्ता तिचीच राही. धर्मभगिनी आणि गृहस्थाश्रमी स्त्री यांच्या मधली ही वाट होती, आणि म्हणूनच कायदेपंडितांना ती कोणत्याच खणात बसविता येईना.

या चळवळीला स्थैर्य दिले ते दोन राज्यकर्त्या भगिनींनी. फ्लँडर्सची काउंटेस जोहाना हिचे आयुष्य कादंबरीसारखे आहे. तिचा पिता बाल्डविन 1204 मध्ये कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट झाला आणि वर्षभरातच युद्धात शत्रूच्या हाती सापडून नाहीसा झाला. पती फेराँ 1214 मध्ये बूव्हीनच्या लढाईत फ्रान्सच्या राजाचा बंदी झाला तो 1227 मध्ये सुटला. मधली बारा-तेरा वर्षे या तरुण स्त्रीने एकटीने राज्य सांभाळले. एकट्या स्त्रीची कुचंबणा काय असते हे तिला कुणी सांगण्याची गरज नव्हती. 1234 च्या सुमारास गेंट येथे संत एलिझाबेथचे बेगीनहोफ उभे राहिले ते तिच्या आश्रयाने. 1244 मध्ये ती निवर्तल्यावर तिची बहीण मार्गारेट गादीवर आली व तिनेही 1278 पर्यंत हेच धोरण चालविले. या भगिनींनी जमीन दिली, कर माफ केले, संरक्षण दिले. परंतु रोजच्या भाकरीची तरतूद त्यांनी करून ठेवली नाही. ती बेगीन भगिनींनी स्वतः मिळवावयाची होती. आमच्या मते यातच त्या वसाहतींचे दीर्घायुष्य दडलेले आहे. देणगीवर वाढलेली संस्था देणगीदाराबरोबर झिजते.

गेंटच्या या आवाराचे एक वर्णन 1328 मधील एका निवेदनात जपले गेले आहे. चोहोबाजूंनी खंदक आणि भिंती, मधोमध चर्च, चर्चपाशी दफनभूमी आणि रुग्णालय. भोवती घरे, आणि घरांना स्वतंत्र परसबागा. ज्यांची ऐपत नाही अशा अनेक जणी मिळून एकेका मोठ्या घरात राहत. तिथे प्रत्येकीपाशी अंगावरचे कपडे, एक बिछाना आणि एक पेटी यापलीकडे काही नसे. तरीही त्या कुणावर भार नव्हत्या. शहरातून पाठविलेली लोकर त्या धूत, विणून आलेले कापड निवडून स्वच्छ करीत. मिळणाऱ्या रोजच्या मजुरीतून साधे जेवण, चर्चचे देणे आणि थोडा दानधर्म एवढे भागे. प्रत्येक घरात एक 'कामाची मुख्य' असे. ती कामावर आणि काम करणारणींवर देखरेख ठेवी.

लोकरीचे काम म्हणजे काय हे आपल्याकडे फारसे ठाऊक नाही. मेंढीच्या अंगावरून उतरलेली लोकर तेलकट, घाणीने माखलेली असते. ती निवडावी, झोडपावी, वाहत्या पाण्यात धुवावी, पिंजावी आणि मग कातावी लागते. मागावरून उतरलेल्या कापडातल्या गाठी व काड्या चिमट्याने एकेक करून काढाव्या लागतात. हिवाळ्यात बर्फगार पाण्यात हात घालून हे काम करणे म्हणजे बोटे फुटणे आलेच. कापडाच्या धंद्यातले हे सर्वांत हलके मानलेले आणि सर्वांत कमी मजुरीचे काम होते. शहरातल्या कापड व्यापाऱ्यांनी बेगीनहोफांना आनंदाने काम दिले ते केवळ धर्मबुद्धीने नव्हे. कमी दरात, शिस्तीने व वेळेवर काम करणारे हात त्यांना तिथे सापडत होते. ही बाजू झाकून ठेवून बेगीन जीवनाचे गोड चित्र रंगविणे आम्हांला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. मात्र त्याच शहरात भाड्याच्या खोलीत एकटीने लोकर धुणाऱ्या स्त्रीला आजारपणात पाणी देणारेही कुणी नसे. बेगीनहोफमधल्या स्त्रीपाशी तेच काम, जवळजवळ तीच मजुरी, परंतु मागे रुग्णालय, शेजारी सोबतीण आणि म्हातारपणी छप्पर होते. सारा फरक त्या व्यवस्थेचा होता.

ती व्यवस्था कशी चाले? मोठ्या आवाराचा कारभार एक वा अनेक प्रमुख भगिनींकडे असे. त्यांना तिकडे 'थोरली बाई' अशा अर्थाचे नाव होते. या प्रमुखांची निवड बहुतेक ठिकाणी भगिनींतूनच होई, आणि प्रमुखपद वंशपरंपरेने वा श्रीमंतीने कुणाकडे कायमचे राहत नसे. त्यांच्या हाताखाली प्रत्येक सामाईक घराची एक प्रमुख, रुग्णालयाची एक, चर्चच्या कोशाची एक. नवी आलेली तरुणी प्रथम सामाईक घरातच राही. अनुभवी भगिनींच्या नजरेखाली ती काम शिके, प्रार्थना शिके आणि हिशेबही शिके. वयाने व वर्तनाने मुरलेल्या स्त्रीलाच स्वतंत्र घरात राहण्याची मुभा मिळे. म्हणजे उद्याची प्रमुख आजच्या लोकर धुणाऱ्या मुलींतून तयार होत होती. आमच्या त्या कुलूपबंद कपाटाची आठवण इथे पुन्हा येते. आपल्या मंडळांतून अध्यक्षा असतात, परंतु अध्यक्षेच्या पाठीमागे दुसरी कोण उभी आहे हे कुणी पाहून ठेवीत नाही.

घरांविषयीचा नियम तर कोणाही सहकारी संस्थेने अभ्यासावा असा आहे. ऐपत असलेली बेगीन आवारात स्वतःच्या पैशाने घर बांधू वा घेऊ शके. परंतु तो हक्क सामान्यतः तिच्या हयातीपुरता. तिच्या पश्चात ते घर भावाबहिणींच्या वा भाच्यांच्या हाती न जाता आवाराकडेच राही व दुसऱ्या बेगीन स्त्रीला दिले जाई. त्यातून येणारा पैसा चर्चच्या वा रुग्णालयाच्या कामी लागे. त्यामुळे पिढ्यांमागून पिढ्या गेल्या तरी जमिनीचा तुकडा फुटला नाही. बेगीन स्त्रियांपैकी ज्या धनवान होत्या त्या मृत्युपत्रांतून गरीब भगिनींसाठी रकमा ठेवीत. त्यांतून गरिबांसाठी एक कोश चाले आणि थकलेल्या, आजारी बेगीन भगिनींना त्यातून धान्य, जळण आणि पैसा मिळे. कमावत्या हातांनी थकल्या हातांना पोसण्याची ही सोय सरकारी निवृत्तिवेतन जन्माला येण्याच्या कितीतरी शतके आधीची आहे.

पॅरिसमध्ये हेच बीज वेगळ्या मातीत रुजले. राजा नववा लुई, ज्यांना आपण संत म्हणून ओळखतो, त्यांनी 1260 च्या दशकात तिथे बेगीन आवार स्थापिले. पॅरिसचा धंदा लोकरीचा नव्हे, रेशमाचा. तिथल्या काही बेगीन स्त्रिया रेशमाचे सूत काढीत, विणीत, स्वतःच्या कार्यशाळा चालवीत आणि हाताखाली इतर स्त्रियांना काम देत. इथे त्या मजूर राहिल्या नाहीत, व्यापारी झाल्या.

आणि मग संकट आले. 1 जून 1310 रोजी पॅरिसमध्ये मार्गरित पोरेत या स्त्रीला जिवंत जाळण्यात आले. ईश्वरप्रेमावर तिने लिहिलेला ग्रंथ पाखंडी ठरविला गेला होता व ती बेगीन म्हणून ओळखली जात असे. 1311-12 मध्ये व्हिएन येथे भरलेल्या विश्वपरिषदेने बेगीन जीवनपद्धतीच बंद करावी असा आदेश काढला: या स्त्रिया कुणा संघाच्या आज्ञेत नाहीत, मालमत्ता सोडीत नाहीत, त्रैक्यासारख्या गहन विषयांवर बोलतात. पोप बाविसावे जॉन यांनी तो 1317 मध्ये प्रसिद्ध केला. ज्या चर्चच्या अंगणात या स्त्रिया शंभर वर्षे शांतपणे राबत होत्या, त्याच चर्चने त्यांच्याकडे संशयाने पाहिले हे लिहिताना आम्हांला संकोच वाटतो, परंतु लिहिल्याविना इतिहास पुरा होत नाही. जर्मनीतील अनेक शहरांत त्यांचे हाल झाले. ती जुनी तोंडी परवानगी आता कुणाला दाखविणार?

आदेशात एक पळवाट मात्र होती. ज्या स्त्रिया श्रद्धेने व सदाचाराने राहतात त्यांना बाधा होऊ नये, असे त्याच्या शेवटी म्हटले होते. 1318 मध्ये पोप जॉन यांनीच निर्दोष बेगीन स्त्रियांना त्रास देऊ नये असे कळविले. मग फ्लँडर्समध्ये चौकशी सुरू झाली. गेंटचे वर्णन करणारे जे 1328 चे निवेदन आम्ही वर सांगितले ते या चौकशीच्या निमित्ताने टूर्ने येथील महागुरूंच्या प्रतिनिधींपुढे मांडले गेले होते. त्यात धर्मशास्त्राचा युक्तिवाद नाही. या स्त्रिया कुठे राहतात, काय खातात, किती वाजता उठून प्रार्थना करतात, कोणते काम करतात, एवढेच सरळपणे सांगितले आहे. लोकर धुणारे हात हाच त्यांचा साक्षीदार झाला. फ्लँडर्स व ब्राबांट येथील बेगीनहोफे वाचली. जिथे स्त्रियांची सुटी, विखुरलेली घरे होती तिथे त्यांचा टिकाव लागणे अवघड झाले. जिथे भिंत, चर्च, हिशेब आणि शहराशी कामाचे नाते होते तिथे त्या राहिल्या. पॅरिसचे आवार पंधराव्या शतकाच्या अखेरीस बेगीन स्त्रियांच्या हातून गेले.

चर्चच्या संशयातून सुटले तरी धंद्यातले वैरी होतेच. विणकरांच्या श्रेणींचे म्हणणे असे की या बाया श्रेणीची वर्गणी देत नाहीत, नियम पाळीत नाहीत आणि स्वस्तात काम करून आमच्या पोटावर पाय देतात. काही नगरांत बेगीन स्त्रियांनी किती माग ठेवावेत यावर मर्यादा घातली गेली. या तक्रारीत तथ्य नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ज्या श्रेणींनी अविवाहित स्त्रीला सभासदत्वाची वाट जवळजवळ बंद केली होती त्यांनी ही तक्रार करावी यात थोडी गंमत आहे.

त्याहून मोठा धोका बाजाराचाच होता. 1270 मध्ये काउंटेस मार्गारेट आणि इंग्लंडचा राजा यांच्यात बिनसले आणि लोकर येणे काही वर्षे बंद पडले, तेव्हा एकाच मालावर विसंबण्याचा धडा सर्वांना मिळाला होता. चौदाव्या शतकात इंग्लंड स्वतःच कापड विणू लागले व फ्लँडर्सचा उंची कापडाचा धंदा उतरणीला लागला. बेगीन भगिनी लोकरीला चिकटून बसल्या नाहीत. त्या जवसाच्या तागाकडे, म्हणजे लिननकडे वळल्या. आवारातील हिरवळीवर ओले कापड पसरून उन्हात शुभ्र करण्याचा व्यवसाय त्यांनी वाढविला; अनेक बेगीनहोफांतून अशी कुरणे राखलेली असत. धुलाई, शिवण, भरतकाम, रुग्णसेवा, प्रेतापाशी जागून प्रार्थना म्हणणे, मुलींना अक्षरओळख आणि शिवणकाम शिकविणे, असे अनेक लहान झरे त्यांनी जोडून घेतले. पुढे लेस आली. उशीवर टाचण्या टोचून, बॉबिनवरचे दोरे एकमेकांवरून घेत ही लेस विणावी लागते. डोळे आणि सबुरी यांचाच तो खेळ. फ्लँडर्सची लेस जगभर गेली तिच्यात बेगीनहोफांतून शिकलेल्या मुलींचाही हात होता.

सोळाव्या शतकातील धर्मयुद्धांत पुन्हा सर्वनाश ओढवला. मेखेलेन येथील मोठे आवार शहराच्या तटाबाहेर होते. ते 1578 मध्ये उद्ध्वस्त झाले. शतक संपण्याच्या आत भगिनींनी तटाच्या आत घरे घेऊन नव्याने प्रारंभ केला, आणि सतराव्या शतकात बेगीनहोफांना पुन्हा भरती आली. आज प्रवासी ज्या विटांच्या पायऱ्यापायऱ्यांच्या घरांची छायाचित्रे घेतात त्यांतील बरीचशी या दुसऱ्या डावातील आहेत. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर 1796-97 च्या सुमारास धर्मसंस्थांच्या मालमत्ता जप्त झाल्या. बेगीनहोफे नगरांच्या धर्मादाय समित्यांकडे गेली, भगिनींचा वेष निषिद्ध ठरला. कित्येक भगिनी स्वतःच्याच घरात भाडेकरू म्हणून राहिल्या व लेस विणीत राहिल्या. गेंटचे संत एलिझाबेथचे आवार तर एकोणिसाव्या शतकात उदारमतवादी नगरपालिकेशी पटेनासे झाल्यावर जागाच सोडून गेले. शहराबाहेर सिंट-आमांड्सबेर्ग येथे आरेनबेर्गच्या ड्यूकने नवे आवार बांधून दिले व 1874 मध्ये सहाशेहून अधिक भगिनी आपली चीजवस्तू घेऊन तिथे राहावयास गेल्या. ज्या संस्थेला स्थापन होऊन 640 वर्षे झाली ती म्हातारपणी घर बदलते, हे दृश्य मोठे विलक्षण असले पाहिजे.

मग ती संपली का? बाहेरच्या आघाताने नव्हे. विसाव्या शतकात अविवाहित स्त्रीला शिक्षिका होता येऊ लागले, परिचारिका होता येऊ लागले. कारखाने, कचेऱ्या, सेवाभावी धर्मसंघ अशी कितीतरी दारे उघडली. लेस यंत्रावर निघू लागली. ज्या अडचणीतून बेगीनहोफ जन्मले ती अडचणच पातळ झाली. ब्रुजच्या आवारात 1927 पासून बेनेडिक्टाइन धर्मभगिनी राहू लागल्या. ल्यूव्हनचे मोठे आवार 1962 मध्ये तिथल्या कॅथलिक विद्यापीठाने घेऊन दुरुस्त केले. आज त्या घरांतून विद्यार्थी आणि पाहुणे अध्यापक राहतात. 1998 मध्ये फ्लँडर्सची 13 बेगीनहोफे युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदविली.

मार्सेला पाटिन ही मुलगी 1920 मध्ये बेल्जियन काँगोत जन्मली. तिला दिसत नव्हते, आणि दृष्टी नसल्यामुळे धर्मसंघांनी तिला घेतले नाही. 1941 मध्ये सिंट-आमांड्सबेर्गच्या बेगीन भगिनींनी तिला आत घेतले. 1960 मध्ये ती कोर्ट्राइकच्या आवारात राहावयास गेली. ती चर्चमध्ये ऑर्गन वाजवी, आजाऱ्यांपाशी जाऊन अकॉर्डियन वाजवी आणि फावल्या वेळी लहान मुलांचे लोकरी कपडे विणी. 14 एप्रिल 2013 रोजी, वयाच्या 92 व्या वर्षी, ती मरण पावली. ती शेवटची बेगीन होती.